अर्धवट सुटलेले शिक्षण आणि नर्सिंगचा प्रवेश

दरवर्षी बारावीचा निकाल लागला म्हणजे आपल्या समाजातील पालकवर्गात एक प्रश्न हटकून निघतो. मुलीने गेल्या वर्षी बी.ए.ला किंवा बी.एस्सी.ला नाव घातले. सहा महिने कॉलेजात गेली. मन रमले नाही, किंवा घरच्या अडचणीमुळे जाणे बंद झाले. आता तिला नर्सिंगला जावयाचे आहे. तर "एकदा कॉलेज सोडलेल्या मुलीला तेथे घेतात काय?" हा तो प्रश्न. कोणी सांगतो की, एकदा शिक्षण सोडल्याचा शिक्का बसला म्हणजे सर्व दारे बंद. कोणी सांगतो की, मागचे काही कळवूच नये, नवीन अर्ज भरून मोकळे व्हावे. या दोन्ही सल्ल्यांपायी मुलींचे नुकसान होते. पहिल्याने हिंमत खचते, दुसऱ्याने पुढे कागदपत्रे तपासताना प्रवेश अडचणीत येतो. म्हणून या विषयाची साधी व खरी माहिती सभासदांच्या हाती असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रवेश कशावर ठरतो?

प्रथम पाया पाहू. आपल्या देशात नर्सिंगचे शिक्षण १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेल्या नियमांनुसार चालत आले आहे. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला असल्यामुळे, ज्या वर्षी अर्ज करावयाचा त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचणे अगत्याचे आहे. तथापि प्रवेशाच्या मुख्य अटी कित्येक वर्षे स्थिर आहेत, त्या अशा:

बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि ४५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाति-जमातींसाठी ४० टक्के. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. त्यासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, परंतु इंग्रजी विषय व ४० टक्के गुण पाहिजेत. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. वरची मर्यादा सर्वसाधारणपणे ३५ वर्षे, पण प्रवेशपरीक्षेच्या नियमात ती कमीही असू शकते. शारीरिक पात्रतेचे डॉक्टरी प्रमाणपत्र सर्वांनाच लागते.

मध्यप्रदेशात बी.एस्सी. नर्सिंगसाठी पी.एन.एस.टी. आणि जी.एन.एम.साठी जी.एन.टी.एस.टी. या निवडपरीक्षा भोपाळच्या मंडळातर्फे घेण्यात आल्या आहेत. पूर्वी लोक ज्याला 'व्यापम' म्हणत, त्याच मंडळाचे नाव पुढे कर्मचारी चयन मंडळ असे झाले. अशा परीक्षेने गुणवत्तायादी लागते तेव्हा ती परीक्षेतील गुणांवर लागते.

आता वाचकांच्या ध्यानात येईल की, वरील अटींत "मुलीने यापूर्वी दुसरे कॉलेज सोडलेले नसावे" अशी अट कोठेही नाही. बारावीचे गुण, विषय, वय, प्रकृती आणि प्रवेशपरीक्षा एवढ्यावर पात्रता ठरते. मध्येच सोडलेल्या बी.ए.मुळे बारावीचे गुण कमी होत नाहीत, आणि निवडपरीक्षेच्या उत्तरपत्रिकेला मागचे कॉलेज माहीत नसते. मग बाधा येते ती कोठे? ती येते 'काय सोडले, केव्हा सोडले व कसे सोडले' यांत. या तीन गोष्टी आता क्रमाने पाहू.

दुसरे कॉलेज सोडले असल्यास

ही सर्वांत सौम्य बाब. येथे प्रश्न योग्यतेचा नसून कागदांचा असतो. विद्यार्थिनीने कॉलेजात नाव घातले की विद्यापीठाकडे तिची नोंद होते व नामांकन क्रमांक पडतो. ते विद्यापीठ इंदूरचे असो की खरगोनचे, नर्सिंगचे महाविद्यालय त्याच्याच कक्षेत असेल असे नाही. मध्यप्रदेशातील बी.एस्सी. नर्सिंगची महाविद्यालये पूर्वी जबलपूरच्या आयुर्विज्ञान विश्वविद्यालयाशी जोडलेली होती. मुलीला एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जावयाचे असल्यास दोन कागद लागतात: कॉलेज सोडल्याचा दाखला, ज्याला आपल्याकडे सर्रास टी.सी. म्हणतात, आणि विद्यापीठाचे मायग्रेशन प्रमाणपत्र.

पुष्कळ मुली कॉलेजात जाणे नुसते बंद करतात. नाव काढून घेत नाहीत. घरात सर्वांना वाटते की प्रकरण संपले. प्रत्यक्षात कॉलेजच्या हजेरीपटावर नाव तसेच असते, फी थकलेली असते, आणि बारावीची मूळ टी.सी. कॉलेजच्या कपाटात पडून असते. पुढे नर्सिंगच्या यादीत नाव लागते. कागद दाखल करण्यास चार दिवसांची मुदत मिळते. त्या चार दिवसांत जुन्या कॉलेजातून दाखला, थकबाकीची पावती व इंदूरहून मायग्रेशन मिळविणे जमत नाही. अशा वेळी मिळालेली जागा केवळ कागदासाठी जाते आणि दोष मात्र "कॉलेज सोडले होते म्हणून" या गोष्टीला दिला जातो. दोष सोडण्याचा नव्हे, रीतसर न सोडण्याचा असतो.

ज्या मुलीने बारावीनंतर कोठेच नाव घातले नाही, तिच्याकडून मधल्या वर्षांबद्दल गॅप सर्टिफिकेट, म्हणजे नोटरीसमोर केलेले शपथपत्र, मागितले जाते. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. कॉलेजात नाव घातले असताना "या काळात मी कोठेही शिकत नव्हते" असे शपथपत्र करू नये. वेळ वाचविण्यासाठी असे करणारे सल्लागार गावोगाव भेटतात. खोट्या माहितीवर मिळालेला प्रवेश पुढे कोणत्याही वर्षी रद्द होऊ शकतो. सहा महिने बी.ए. केले हे सांगण्यात काहीच हानी नाही. लपविण्यात मात्र चारही वर्षांची हानी आहे.

याबरोबर हेही सांगितले पाहिजे की, सोडलेल्या बी.एस्सी.चा नर्सिंगमध्ये लाभही मिळत नाही. "एक वर्ष झाले आहे, तर एकदम दुसऱ्या वर्षात घेतील" अशी समजूत चुकीची आहे. नर्सिंग पहिल्या दिवसापासूनच करावे लागते.

बारावीलाच विषय सोडला असल्यास

खरे नुकसान पुष्कळदा कॉलेज सोडल्याने होत नाही, तर अकरावीत जीवशास्त्र सोडल्याने होते. गणित घेतले, किंवा विज्ञान अवघड म्हणून कला शाखेत गेली, म्हणजे बी.एस्सी. नर्सिंगचा रस्ता तेथेच बंद होतो. तो त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही, एवढेच.

तथापि तेथेही उपाय आहे. परिषदेच्या नियमांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची आणि राज्याच्या मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयाची बारावी ग्राह्य धरली आहे. मात्र विषय विज्ञानाचे व इंग्रजी असले पाहिजेत. बारावीत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी मध्यप्रदेशाच्या राज्य मुक्त शिक्षण मंडळाने २०१६ साली 'रुक जाना नहीं' ही योजना सुरू केली, तिच्या आधारे अनेक मुले पुन्हा मार्गास लागली. जीवशास्त्राविना बारावी झालेल्या मुलीपुढे दुसराही मार्ग आहे. तिने जी.एन.एम. करावे, नोंदणी करावी, आणि मग दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावी. वाट थोडी लांबची, पण पदवीपर्यंत नेणारी आहे.

एक अपवाद येथेच नोंदवितो. लष्करी परिचर्या सेवेच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या जाहिरातींत बारावी पहिल्याच प्रयत्नात, नियमित विद्यार्थिनी म्हणून आणि ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण असण्याची अट असते. शिवाय नीट परीक्षा द्यावी लागते. तेव्हा ज्या मुलीचे ध्येय लष्करी सेवा आहे, तिने बारावीचे वर्ष सोडून पुढच्या वर्षी बसण्याचा विचार सहजासहजी करू नये.

नर्सिंगच सोडले असल्यास

ही बाब गंभीर आहे, आणि तिच्यातील कारणे समजून घेतली पाहिजेत. नर्सिंगचे शिक्षण वर्गात अर्धे व रुग्णाच्या खाटेशी अर्धे होते. परीक्षेस बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्यापूर्वी रुग्णालयातील प्रत्येक विभागाची प्रात्यक्षिक हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. आजारपणामुळे चुकलेली रात्रपाळीही पुढे भरून काढावीच लागते. जी परिचारिका प्रसूतिकक्षात पुरते दिवस राहिलीच नाही, तिच्या हाती उद्या बाळंतीण कशी सोपवावी? नियमामागचे कारण इतके सरळ आहे.

बी.एस्सी. नर्सिंगला एकूण आठ वर्षांची कमाल मुदत आहे. मध्ये खंड पडला तरी ही मुदत थांबत नाही. म्हणून लग्न, बाळंतपण किंवा आजार यांमुळे खंड पडणार असेल तर सरळ घरी निघून न येता, प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा, कारणाचा कागद जोडावा आणि अर्जाची पोच घ्यावी. रजेवर गेलेली विद्यार्थिनी व नाहीशी झालेली विद्यार्थिनी यांत संस्थेच्या दृष्टीने फार अंतर असते.

संस्थेची बाजूही समजून घेऊ. नर्सिंगच्या जागा मोजक्या असतात. प्रवेशाची अंतिम तारीख उलटल्यावर रिकामी झालेली जागा त्या वर्षी भरता येत नाही. एक मुलगी गेली की जागा पुढेही रिकामीच राहते, आणि प्रतीक्षायादीत थांबलेली दुसरी मुलगी घरी बसते. म्हणूनच काही संस्था जागा सोडणाऱ्याकडून बंधपत्राची रक्कम घेतात, आणि जेथे मुलाखत असते तेथे "पूर्वी का सोडले?" हे विचारतात. त्यामागे मुलीला अपमानित करण्याचा हेतू नसतो. ही टिकेल की नाही, एवढेच त्यांना पाहावयाचे असते. त्यावर खरे व थोडके उत्तर द्यावे. "वडिलांच्या आजारपणात घरी राहावे लागले, आता ते बरे आहेत," हे उत्तर पुरेसे आहे. मागच्या शिक्षकांची निंदा करणे मात्र टाळावे.

सोडण्याचे कारण प्रत्येक वेळी मुलीकडेच असते असेही नाही. आपल्या मध्यप्रदेशात गेल्या काही वर्षांत काय घडले हे सर्वांना ठाऊक आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण ब्यूरोने राज्यातील नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी केली; अनेक ठिकाणी इमारत, शिक्षक किंवा रुग्णालय यांत त्रुटी आढळल्या; २०२०-२१ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षे लांबल्या. अशा संस्थेतून जी मुलगी बाहेर पडली तिने धीर सोडला असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण यातून पालकांनी धडा घ्यावा. प्रवेशापूर्वी त्या वर्षाची मान्यता व विश्वविद्यालयाची संलग्नता स्वतः पाहावी; आणि मुलींना प्रात्यक्षिकासाठी कोणत्या रुग्णालयात नेतात ते विचारून, तेथे जाऊन खाटा व रुग्ण डोळ्यांनी पाहावेत. बी.एस्सी. नर्सिंगच्या संस्थेला शंभर खाटांचे स्वतःचे रुग्णालय असावे असा नियम आहे. कागदावर असलेले रुग्णालय गावात सापडले नाही, तर पुढचे ओळखून घ्यावे.

फी आणि शिष्यवृत्ती

कुटुंबाला सर्वांत जास्त झळ लागते ती पैशाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याबाबत ठरवून दिले की, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण फी, त्यानंतर पण अंतिम तारखेपूर्वी ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के आणि १६ ते ३० दिवसांत ५० टक्के फी परत मिळावी. तीस दिवस उलटल्यावर काही मिळत नाही. पुढे काही वर्षी आयोगाने त्या त्या वर्षापुरत्या याहून सवलतीच्या तारखाही जाहीर केल्या. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, असेही त्याच आदेशात आहे. तात्पर्य, सोडावयाचेच असेल तर निर्णय लवकर घ्यावा. "दिवाळीपर्यंत बघू" म्हणण्यात हजारो रुपये जातात.

शिष्यवृत्तीचे तसेच. सरकारी शिष्यवृत्ती ज्या अभ्यासक्रमासाठी मिळाली तो परवानगीवाचून बदलल्यास ती बंद होऊ शकते, आणि मिळालेली रक्कमही परत मागितली जाऊ शकते. तेव्हा कॉलेज सोडताना शिष्यवृत्ती विभागास कळवून त्याची पोच जपून ठेवावी. नवीन अर्ज भरताना ती कामी येते.

सीमेवरच्या माणसांची विशेष अडचण

आपण बुऱ्हाणपूरकर तापीकाठी राहतो. रावेर, भुसावळ, जळगाव येथे आपले सगेसोयरे. लेकीसुना इकडून तिकडे व तिकडून इकडे. त्यामुळे मुलीला मामाकडे जळगावास ठेवून शिकवावे असा विचार साहजिकच होतो. पण सरकारी नियमांना सोयरीक समजत नाही. मध्यप्रदेशच्या मूळ निवासी मुलीला महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातील जागा सहसा मिळत नाही, आणि जातीचे आरक्षण तर ज्या राज्याचा दाखला त्याच राज्यात चालते. एकच जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरीही दुसऱ्या राज्यात ती मुलगी खुल्या वर्गात धरली जाते. हे न कळल्यामुळे तेथे भरमसाट फी भरून प्रवेश घ्यावयाचा, वर्ष निम्मे झाल्यावर खर्च झेपेना म्हणून परत यावयाचे, असे होते. शिवाय महाराष्ट्रातील बी.एस्सी. नर्सिंगची महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. तेथे नोंद झालेल्या मुलीला मध्यप्रदेशातील विद्यापीठाच्या कक्षेत येताना नाशिकचे मायग्रेशन आणावे लागते. तेव्हा कोणत्या राज्यात शिकवावयाचे हा निर्णय अर्ज भरण्यापूर्वीच व्हावा.

परदेशी राहणाऱ्या कुटुंबांसाठी

काही सभासदांची मुले अमेरिकेत स्थायिक आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. तेथे एखादा विषय ठराविक तारखेनंतर सोडल्यास गुणपत्रकावर 'डब्ल्यू' अशी खूण येते. सरासरी गुणांत ती धरली जात नाही, पण पुसलीही जात नाही. एखाददुसरी खूण असल्याने सहसा बिघडत नाही. तथापि शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारख्या नर्सिंगच्या पूर्वतयारीच्या विषयांत ती खूण वारंवार आली तर शंका घेतली जाते, आणि काही नर्सिंग शाळा तिला एक 'प्रयत्न' म्हणून मोजतात. सरकारी अर्थसाहाय्यासाठी नाव घातलेल्या अभ्यासापैकी साधारण ६७ टक्के पूर्ण व्हावा लागतो, आणि त्या हिशेबात सोडलेला विषयही धरला जातो. म्हणजे तेथेही प्रश्न तोच: एकदा सोडणे चालते, सोडण्याची सवय चालत नाही.

थोडा मागचा विचार

शिक्षणात खंड पडलेल्या स्त्रीने परिचारिका होणे यात नवीन काही नाही. आपल्याकडे हा पेशा उभा राहिला तोच मुळी अशा स्त्रियांच्या बळावर. १८९१ साली मुंबईत बाई काशीबाई गणपत या परिचर्येचे शिक्षण घेण्यास पुढे आल्या. भारतीय स्त्रियांतील पहिली शिक्षित परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यास सेवासदन स्थापन केले. तेथे येणाऱ्या पुष्कळ स्त्रिया विधवा होत्या, परित्यक्ता होत्या. लहानपणी लग्न झाल्यामुळे त्यांच्या हातून पाटी गेली होती. त्यांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण देण्याची व्यवस्था सेवासदनाने केली. परक्याची शुश्रूषा करणे, वाटेल त्या जातीच्या रुग्णास शिवणे, रात्री घराबाहेर राहणे याबद्दल समाजात केवढी कुजबूज होत असे! तरी त्या बाया टिकल्या. तुझे शिक्षण मध्येच का सुटले असे विचारून त्यांना कोणी परत पाठविले असते, तर आज महाराष्ट्रातील रुग्णालयांचा इतिहास निराळाच लिहावा लागला असता.

पालकांनी काय करावे

सारांशाने काही सूचना करतो.

१. सोडण्याचा विचार मनात आला की आधी महिनाभर कारण शोधावे. पहिल्या रात्रपाळीची भीती, वसतिगृहातील एकटेपणा, इंग्रजी न समजणे ही कारणे बहुधा काही महिन्यांत निवळतात. प्रकृती, पैसा किंवा संस्थेची मान्यता ही कारणे मात्र आपोआप निवळत नाहीत.

२. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये. नव्या ठिकाणी जागा निश्चित होईपर्यंत जुनी सोडू नये. निश्चित झाली की एक दिवसही न दवडता रीतसर सोडावी.

३. टी.सी., मायग्रेशन, थकबाकी नसल्याचा दाखला, फीच्या पावत्या व शिष्यवृत्तीचा पत्रव्यवहार एका फाइलीत ठेवावा.

४. अर्जात मागील शिक्षणाचा रकाना खरा भरावा.

५. जन्मतारीख व ३१ डिसेंबरची अट पडताळून पाहावी.

६. प्रवेशापूर्वी मुलीला एखाद्या रुग्णालयातील ओळखीच्या परिचारिकेशी तासभर बोलू द्यावे. काम काय असते ते आधी कळले तर पुढे सोडण्याचा प्रसंग येत नाही.

७. मुलीला दूषण देऊ नये. "वर्ष वाया घालविलेस" हे वाक्य घरात रोज ऐकणारी मुलगी निवडपरीक्षेची तयारी कशी करणार?

शेवटी सभासदांस एक विनंती. आपल्या ट्रस्टतर्फे शिक्षणासाठी साहाय्य मागणाऱ्या मुलींच्या अर्जांत कोठे मधले एखादे वर्ष रिकामे दिसले, तर तेवढ्यावरून अर्ज बाजूला ठेवू नये. मुलीला बोलावून कारण विचारावे. कागद अपुरे असतील तर ते मिळवून देण्यास कोणी जाणत्या सभासदाने तिच्याबरोबर कचेरीत जावे. पुष्कळदा शंभर रुपयांच्या मदतीपेक्षा अशी एक खेप अधिक उपयोगी पडते. रुग्णालयात आपल्या घरचा माणूस असतो तेव्हा उशाशी उभी असलेली परिचारिका बारावीनंतर कोठे व किती दिवस होती, हे आपण विचारीत नाही. तिचा हात सराईत आहे की नाही एवढेच पाहतो. तो हात सराईत होण्याची संधी ज्या मुलीला हवी आहे, तिला ती मिळवून देण्यात आपण सर्वांनी हातभार लावावा.